ॲजिटेटर : शिवी नव्हे, वारसा

मागच्या महिन्यात वस्तीच्या पाण्याचा अर्ज घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेब हसून म्हणाले, "तुम्ही ॲजिटेटर मंडळी. तुम्हाला प्रश्न सुटायला नकोच असतात." सोबतचा पोरगा मान खाली घालून बाहेर आला. हे लिहिणे त्याच्यासाठी.

मित्रांनो, या शब्दाचे कूळ बघा. लॅटिनमध्ये 'अगितारे' म्हणजे हलवणे, गती देणे, मनात विचार घोळवणे. 'अगितातोर' म्हणजे रथ हाकणारा. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्याच फौजेचा पगार थकवला आणि वर फौज मोडायला काढली. तेव्हा शिपायांनी आपल्यातून प्रतिनिधी निवडले. त्यांचे नाव ॲजिटेटर! त्याच वर्षी पटनीच्या चर्चेत शिपायांच्या बाजूने सवाल आला : ज्याच्याकडे मालमत्ता नाही, त्याला मत का नाही? म्हणजे ॲजिटेटर हा चिथावणीखोर नव्हता, लोकांनी निवडलेला माणूस होता. पण ज्यांचे आसन हलते, त्यांना हलवणारा गुन्हेगारच दिसतो. २०२१ साली राज्यसभेत 'आंदोलनजीवी' हा शब्द आला, तोही याच जातकुळीचा.

आता आपलीही चूक बघू. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. आपण फलकावर लिहितो : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधला शब्द शेवटी गेला आणि त्याचा अर्थ फक्त मोर्चा उरला. ॲजिटेट म्हणजे आधी स्वतःचे डोके हलवणे. शिकलेला माणूस अस्वस्थ झाला तरच खरी संघटना उभी राहते. अस्वस्थ न झालेल्यांची फक्त वर्गणी समिती होते.

महाड आठवा. १९२३ चा बोले ठराव होता. नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केले होते, पण कागदावर. १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा कायदा मोडला नाही, निजलेला कायदा हलवून जागा केला. पुढे कोर्टात दहा वर्षे लढून १९३७ साली हायकोर्टातही जिंकले. ॲजिटेशन म्हणतात ते याला.

म्हणून पुढच्या वेळी मान खाली घालू नका. सरळ सांगा, "हो साहेब, ॲजिटेटरच. अर्जाची पोच द्या."

जय भीम!