नीतिसंहिता कोणी लिहावी?

व्यवसायाची नीती बहुधा वडीलधाऱ्यांनी ठरवावी आणि इतरांनी पाळावी, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, ‘अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन’ने, निराळा मार्ग धरला. १९४८ मध्ये तिने आपल्या सुमारे ७,५०० सभासदांना पत्राने विचारले, “आपणांस नैतिक निर्णय घ्यावा लागला असा प्रत्यक्ष प्रसंग कळवा.” हजाराहून अधिक प्रसंग आले. त्यांची वर्गवारी व चर्चा होऊन १९५३ मध्ये पहिली संहिता प्रसिद्ध झाली. नियम अनुभवातून आले, म्हणून ते सर्वांना आपले वाटू शकले.

तथापि संहिता एकदा लिहिली की काम संपत नाही. पुढे अमेरिकी सरकारच्या दहशतवादविरोधी मोहिमेत कैद्यांच्या चौकशीसाठी मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली गेली. संरक्षण खाते हे या व्यवसायाला काम देणारे मोठे आश्रयदाते. त्याच्या सोयीसाठी संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांनी नैतिक मार्गदर्शन सैल ठेवले, असा निष्कर्ष २०१५ मधील स्वतंत्र चौकशीने काढला. त्याच वर्षी संघटनेने राष्ट्रीय सुरक्षेसंबंधीच्या अशा चौकशीत सभासदांनी भाग घेण्यास मनाई केली.

आपल्या व्यापारी मंडळांनीही यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नियम ज्यांना पाळावयाचा, त्यांना तो करण्यापूर्वी विचारावे. आणि नियमाची खरी पारख किरकोळ गिऱ्हाइकापुढे होत नाही. सर्वांत मोठे गिऱ्हाईक दारी उभे राहते, तेव्हा होते.