चाळ, गिरणी आणि पोलिसाचा पहारा

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांच्या नशिबी अखेर ऐसपैस घर आले, याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु जुन्या चाळींबरोबर या शहराच्या इतिहासाचे जे पान मिटत आहे, ते मिटण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावे, असे आम्हांस वाटते. १९२० नंतर सरकारने बांधलेल्या या चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गिरणी कामगार राहिला आणि पोलीस शिपाईही राहिला. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत तर वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. कष्टकरी, पहारेकरी आणि कैदी अशा तिघांनाही या शहराने एकाच छपराखाली ठेवले. मुंबईतील गुन्ह्यांचा आणि पोलिसांचा इतिहास समजून घेण्यास याहून बोलकी खूण सापडणार नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे दहा वर्षांनी, १८६४ साली, सर फ्रँक सुटर हे शहराचे पहिले पोलीस कमिशनर झाले. तेव्हापासून गिरणीचा भोंगा आणि पोलिसाची शिट्टी येथे जोडीनेच वाजत आली. रत्नागिरी-साताऱ्याकडील ज्या घरातला थोरला भाऊ सांचाखात्यात लागला, त्याच घरातला धाकटा पुष्कळदा पोलिसात भरती झाला. १९०८ साली लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा होताच गिरण्यांनी सहा दिवस संप केला. रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला आणि कामगार मेले. अशा प्रत्येक प्रसंगी दंगेखोर कोण आणि नागरिक कोण, हे गिरणगावात नव्हे, तर कोटातल्या कचेऱ्यांत ठरत असे.

मग गल्लीतला ‘दादा’ कोठून आला? नोकरी मुकादमाच्या मर्जीवर होती. पगार होईपर्यंतचे धान्य वाण्याच्या उधारीवर येत असे आणि अडचणीतला पैसा पठाणाच्या व्याजावर मिळत असे. खोली मिळवून देणारा, भांडण मिटवणारा, संपात कामगारांच्या बाजूने वा मालकाच्या पैशाने काठी उचलणारा माणूस या व्यवस्थेस हवाच होता. सरकारने त्यावर उपाय शोधला तो हद्दपारीचा. ‘तडीपार’ हा शब्द आपल्या बोलीत इतका रुळला आहे, की त्यामागील विचार किती थिटा आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. १९५१ च्या पोलीस कायद्यातही ही तरतूद आली. दादाला हद्दीबाहेर काढता आले. दादाची गरज मात्र हद्दीतच राहिली.

पुढचा अध्याय तर आपण सुशिक्षितांनीच लिहिला. १९४९ चा दारूबंदी कायदा सदिच्छेने झाला, हे आम्ही नाकारीत नाही. पण पोटभर पाणीही न मिळणाऱ्या वस्त्यांत हातभट्टी पेटली, बीटवरच्या शिपायाचा हप्ता ठरला आणि प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत परवान्याची बाटली निर्वेधपणे फुटू लागली. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आले, तेव्हाही हेच घडले. चोरट्या वाटेने किनाऱ्यावर उतरलेले सोने गिरणी कामगाराच्या बायकोच्या अंगावर फारसे गेले नाही. ते ज्यांच्या लग्नसमारंभांत झळकले, तेच तस्करांच्या नावाने बोटे मोडीत होते. एखादा कायदा भल्या घरांतूनच मोडला जाऊ लागला, म्हणजे तो मोडण्याचा धंदा करणारे श्रीमंत होतात आणि तो राखणारे भ्रष्ट होतात, एवढा साधा धडा आपण त्यातून घेतला नाही.

१९८२ हे साल या इतिहासाचा कडेलोट ठरले. ११ जानेवारीस वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला आणि ‘चकमक’ या शब्दाला शहरात नवा अर्थ आला. १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १८ ऑगस्टला खुद्द पोलीसच आंदोलनात उतरले. त्यांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, नेत्यांना अटक झाली आणि शहर सावरण्यास लष्कर बोलवावे लागले. कामगाराचे आणि शिपायाचे गाऱ्हाणे एकाच वर्षी रस्त्यावर आले आणि दोन्ही न ऐकताच दडपली गेली. पुढे जमिनींना कापडाहून अधिक भाव आला. १९९४ मध्ये गिरणी मालक सुनीत खटाव आणि १९९७ मध्ये स्वतः सामंत मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी पडले. १९९९ मध्ये ‘मोक्का’ आला.

दारिद्र्य हे गुन्ह्याचे समर्थन नव्हे, हे आम्हीही मानतो. काम गेलेल्यांपैकी बहुतेकांनी भाजी विकली, पहारा केला वा गाव गाठले. पण कोणाच्या खिशात हात घातला नाही. टोळ्यांच्या गळास लागली ती थोडी मुले. परंतु अडीच लाख घरांची चूल विझत असताना ज्या समाजाने मौन पाळले, त्याने त्या थोड्यांसाठी झाडलेल्या गोळ्यांना मात्र टाळ्या वाजवल्या. न्यायालयाचे काम पिस्तुलावर सोपवण्यास आपण मूक संमती दिली, ही गोष्ट आपल्या सुसंस्कृतपणास शोभणारी नाही.

आणि त्या शिपायाचे काय? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणला. कारखान्याच्या दाराशी बंदोबस्तास उभा असलेला शिपाई मात्र १९५१ च्या कायद्यानुसार सदैव कामावरच समजला जातो. १९६६ च्या कायद्याने त्याच्या संघटनेच्या हक्कावर बंधने घातली. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो स्तुत्य होता. पण वरिष्ठांच्या सद्‌बुद्धीवर चालणारा प्रयोग म्हणजे हक्क नव्हे. गुन्ह्याचा तपास बंदोबस्तापासून वेगळा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच बजावले आहे. त्या आदेशांना वळसे घालण्यातच आजवर राज्यकर्त्यांची बुद्धी खर्च झाली.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे स्पष्ट आहे: शिपायाच्या कामाचे तास कायद्याने ठरवा, तपासासाठी स्वतंत्र माणसे द्या आणि निवृत्तीनंतर ज्याला शहराबाहेर फेकले जाणार नाही अशा निवाऱ्याची त्याला हमी द्या. वाचकांकडेही एक मागणे आहे. गिरण्यांच्या जमिनींवर आज कचेऱ्या आणि मनोरे उभे आहेत; त्यांच्या दाराशी खासगी रखवालदार बारा-बारा तास उभा असतो. तो कोठे राहतो, त्याला काय मिळते, त्याचा मुलगा काय करतो, हे एकदा त्याला थांबून विचारावे. गिरणी कामगाराला हे वेळीच विचारले असते, तर पुढील काळात पोलिसांच्या दप्तरातील कितीतरी पाने कोरी राहिली असती.