दिसते तसेच लिहायचे

आपल्यापैकी बहुतेकांना पणजोबांचे नाव ठाऊक असते. पणजीचे विचारले की मात्र आपण अडखळतो. आमच्या घरी तर ‘मोठी दादी’ एवढेच उरले आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या एका कामाचे आम्हाला फार अप्रूप वाटते. तिथे खानेसुमारीचे कागद ७२ वर्षे बंद ठेवतात, मग सर्वांना खुले करतात. १९४० सालचे कागद २ एप्रिल २०१२ रोजी खुले झाले. त्यांत १३ कोटींहून अधिक माणसे, पण सगळे हाताने लिहिलेले. नावावरून माणूस शोधायची सोय नाही. मग दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या पान पान पाहून नावे टाइप केली आणि ऑगस्टपर्यंत काम हातावेगळे केले! एकच पान दोघे जण वेगवेगळे उतरवीत. फरक पडला तर तिसरा निवाडा करी. नियम मात्र कडक. कागदावर दिसते तसेच लिहायचे. मोजणीदाराने ऐकण्यात चूक केली असली तरी आपण सुधारायची नाही. एखाद्या ‘अब्दुल’चे नुसते आडनाव होऊन बसलेले दिसले, तर आपला हात शिवशिवल्यावाचून राहील का?

असल्याच जुन्या कागदांतून विवेक बाल्ड यांनी बंगाली मुसलमानांचा माग काढला. हुगळीकडचे चिकनकाम विकणारे फेरीवाले न्यू ऑर्लीन्सला राहिले; जहाजांवरचे खलाशी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये उतरले, तिथल्या कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन बायकांशी त्यांनी संसार थाटले. ‘बेंगाली हार्लेम’ हे त्यांचे पुस्तक २०१३ मध्ये आले. कोकणातल्या ज्या घरांतली माणसे दर्यावर गेली, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आपल्याकडे ही वाट बंद आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघराची माहिती गुप्त राहते. उरतात जमातीची निकाहाची रजिस्टरे, तीही वाळवीच्या तोंडी.

गेल्या रमजानच्या आधी आम्ही गावचे रजिस्टर उघडले. खालाजान उर्दू वाचत होत्या, उर्दू न येणारी आमची लेक टाइप करत होती. मोठ्या दादीचा निकाह सापडला! पण शाई उडालेली, नुक्ते गेलेले. खालाजान म्हणतात हबीबा, फुफीजान म्हणतात हसीना. लेकीने दोन्ही नावे लिहून ठेवली आहेत. निवाडा करणारा तिसरा अजून मिळायचा आहे.