हॉबीज : वाचन, संगीत, प्रवास

परवा एका फ्रेशरचा इंटरव्ह्यू घेत होतो. रेझ्युमेच्या शेवटच्या ओळीत नेहमीचा ऐवज : हॉबीज - रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक, ट्रॅव्हलिंग. मी उगाच विचारलं, "शेवटचं काय वाचलंस?" पोराचा चेहरा असा पडला की मलाच लाज वाटली. कारण २००४ साली माझ्या रेझ्युमेवर हीच ओळ होती, तीसुद्धा एका सीनियरच्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केलेली. तेव्हा मी ट्रॅव्हलिंग काय करत होतो? तर स्वारगेट ते कॉलेज, पीएमटीने, लटकत!

पण आजचा विषय वेगळा आहे. हल्ली बहुतेकांना खराखुरा छंद असतो. पण तोही ऑफिससारखाच चालवायचा असतो. धावायला लागलो की घड्याळ, अ‍ॅप, मेडल. केक जमायला लागला की शेजारच्या काकू म्हणणारच, "अगं, ऑर्डर्स घे की!" गिटारचे चार कॉर्ड आले की चॅनेल. सोमवार ते शुक्रवार क्लायंट छळतो, आणि शनिवार-रविवारी आपणच आपले क्लायंट.

मी कुणाला नावं ठेवत नाहीये, या चिखलात मीही लोळून आलोय. लहानपणापासून आकाशाचं वेड. पगार बरा झाल्यावर दुर्बीण घेतली. मग वाटलं, फोटो काढू. त्यासाठी कॅमेरा, मग पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बीण वळवणारी मोटर, मग तिला तोलणारा जड स्टँड... ईएमआय सुरू झाला. रात्री दोनला गच्चीत लॅपटॉप घेऊन केबलचे प्रॉब्लेम डीबग करायचे, आणि सकाळी ऑफिसात दुसऱ्यांच्या केबलचे. दुसऱ्या कुणाचा त्याच तेजोमेघाचा फोटो जास्त चांगला दिसला की पोटात दुखायचं. दोन वर्षांनी लक्षात आलं, आपण आकाशाकडे बघतच नाही, स्क्रीनकडे बघतो. सगळं विकलं (अर्ध्या किमतीत, बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही). आता एक बायनॉक्युलर आहे आणि एक दोनशे पानी वही.

या वहीत मी रूपविकारी ताऱ्यांची नोंद ठेवतो. म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे. पद्धत अगदी गावठी आहे. आजूबाजूला ज्यांची प्रत माहीत आहे असे दोन तारे घ्यायचे, एक आपल्याहून ठळक, एक फिका, आणि आपला तारा त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं. यासाठीच्या नकाशांत ताऱ्याची प्रत ५.३ असेल तर नुसतं ५३ छापतात, कारण दशांशचिन्हाचा ठिपका तारा समजला जाऊ शकतो! ज्याने हे पहिल्यांदा ठरवलं त्याने नक्की कधीतरी त्या ठिपक्याला आकाशात शोधलं असणार. आणखी एक नियम : मागच्या वेळचा आकडा आधी बघायचा नाही. बघितला की डोळा खोटं बोलतो.

अल्गोल मला फार आवडतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो, कारण त्याचा फिका जोडीदार त्याच्या पुढून जातो. क्रॉन जॉबच म्हणा! मीराचं चक्र ३३२ दिवसांच्या आसपास, त्यामुळे तिचं शिखर दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकतं. त्यातली काही वर्षं पावसाळा खातो, काही सूर्य. पुण्यात जून ते सप्टेंबर माझी वही कोरीच असते.

या कामातला माझा हिरो राधागोविंद चंद्र. आता बांगलादेशात असलेल्या जेसोरचा माणूस, जन्म १८७८. मॅट्रिकला तीनदा नापास. सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी. दिवसभर खरं-खोटं नाणं बघायचं आणि रात्री ३ इंची दुर्बिणीतून तारे. रूपविकारी ताऱ्यांच्या अमेरिकन संघटनेला या माणसाने ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. संघटनेने १९२६ मध्ये त्याला ६ इंची दुर्बीण समुद्रापार पाठवून दिली, वापरायला. त्या नोंदींमुळे खजिन्यात बढती मिळाली असेल असं मला काही वाटत नाही.

लोकांना वाटतं, छंद म्हणजे रिलॅक्स होणं. मला हे पटत नाही. रिलॅक्स व्हायला सोफा पुरतो. छंदात शिस्त असते, कधीकधी ऑफिसपेक्षा कडक. फक्त तिथे अप्रेझल नसतं. मी चुकीची प्रत लिहिली तर कुणी एस्कलेट करत नाही, पण मला झोप लागत नाही. हे "कुणी विचारत नसताना नीट करणं" ऑफिसात विसरायला होतं.

बाबा बँकेत कॅशियर होते. २००१ साली व्हीआरएस घेतली, पंचावन्नाव्या वर्षी. पहिला महिना मजेत गेला. मग ते रोज सव्वानऊला इस्त्रीचा शर्ट घालून पेपर घेऊन गॅलरीत बसायला लागले. आई म्हणायची, "घरात कसला शर्ट?" ते काही बोलायचे नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला गंमत वाटायची.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मला ती गंमत कळली. पंधरा मिनिटांचा कॉल, एचआरची एक अनोळखी बाई, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक. तो शुक्रवार होता, २४ तारीख. खगोलवाले दिवस ज्युलियन पद्धतीने मोजतात, सलग आकडा. त्यात दिवस दुपारी बदलतो म्हणजे रात्र मधेच तुटत नाही. त्या संध्याकाळी साडेपाचला हा आकडा बरोबर २४,६०,००० झाला. महिनाभर आधीपासून मी याची वाट बघत होतो. त्यामुळे रडायचं पुढे ढकलून गच्चीत गेलो. पश्चिमेला शुक्र आणि गुरू जवळ आले होते, डोक्यावर मृग. थोड्या वेळाने बाबा वर आले, धापा टाकत, हातात स्टूल. "काय बघतोस रे रोज?"

मी त्यांना मृगातला तांबूस काक्षी दाखवला, तुलनेला एकीकडे रोहिणी, दुसरीकडे प्रश्वा. आकडे सांगितले नाहीत. बाबांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं, नोट उजेडात धरून बघायचे तसं. म्हणाले, "प्रश्वाच्या जवळ. पण त्याच्याइतका नाही." मीही तेच मनात धरलं होतं, थोड्या फरकाने. दोन्ही नोंदी लिहिल्या. नोकरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. नवी नोकरी मिळायला पाच महिने लागले, ती काक्षीने मिळवून दिली नाही. पण त्या पाच महिन्यांत ढग नसले की मला एक काम होतं.

आता बायकोचा मुद्दा, कारण हे सगळं वाचून ती म्हणाली, "छान. तू गच्चीत असताना मुलीला कोण झोपवतं, तेही लिही." बरोबर आहे. छंदाचा वेळ आकाशातून पडत नाही, तो घरातल्या कुणाच्या तरी वेळेतून येतो, आणि बहुतेक घरांत ती 'कुणीतरी' बाईच असते. आमच्याकडे आता तह झालाय : शनिवार रात्र माझी, रविवार सकाळ तिची. ती मोडी शिकते. मी उपमा करतो. गुठळ्या होतात.

असो. ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी : जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग वर येतो, मोबाइल खिशात ठेवायचा आणि डोळे अंधाराला सरावू द्यायचे. काक्षी नेहमी साधारण ०.५ प्रतीचा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ पर्यंत उतरला होता, नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. त्याने स्वतःच फेकलेल्या पदार्थाची धूळ आड आली, असं नंतरच्या अभ्यासातून दिसलं. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघू नका, तो उगाच ठळक वाटायला लागतो. झटकन बघायचं, नजर हलवायची, आकडा लिहायचा. दुर्बीण लागत नाही. माझी तर विकलीच गेलीये.