कुंपणाने शेत खाल्ले तेव्हा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर एक पांढरा फळा उभा राहिला आणि कर्मचारी त्यावर मार्करने विमानांचे क्रमांक, वेळा आणि गेट लिहू लागले. देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा, पुढे शनिवार-रविवार. मुंबई-पुण्याकडे निघालेली कुटुंबे सामानाच्या ढकलगाड्यांवर मुले बसवून रांगेत ताटकळत होती. एकट्या इंडिगोची त्या दिवशी देशभरात जवळपास दोनशे उड्डाणे रद्द झाली. हा चोरांचा, हल्लेखोरांचा किंवा शत्रुराष्ट्राचा उद्योग असणार, असेच अनेकांना वाटले. तसे काहीच नव्हते. संगणकाच्या राखणीसाठी बसवलेल्या पहारेकऱ्यानेच हा घोटाळा केला होता.

या पहारेकऱ्याचे नाव क्राउडस्ट्राइक. अमेरिकेतल्या या कंपनीचा ‘फाल्कन’ नावाचा सुरक्षा प्रोग्रॅम जगभरच्या बँका, इस्पितळे, विमान कंपन्या आपल्या संगणकांवर बसवतात. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने त्याच्यासाठी नव्या माहितीची एक फाइल धाडली. १० वाजून ५७ मिनिटांनी चूक लक्षात येऊन ती मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याहूनही कमी. पण नेमके तेच संगणक तिकीट खिडकीमागे आणि इस्पितळाच्या नोंदणी कक्षात होते.

एका फाइलने एवढा अनर्थ कसा होतो? जुन्या वाड्याची रचना आठवावी. आल्यागेल्याने ओसरीवर बसावे, घरच्यांनी माजघरात वावरावे, आणि आतल्या कोठीच्या खोलीची किल्ली मात्र एखाददुसऱ्याच्याच कनवटीला. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचेही असेच असते. पत्रे टाइप करण्याचा, हिशेबाचा, गाण्यांचा प्रोग्रॅम ओसरीवर काम करतो. तो कोलमडला तर तो एकटाच बंद पडतो. सगळ्यांत आतल्या खोलीला ‘कर्नल’ म्हणतात. तिथे गडबड झाली, तर आतल्या माहितीचा नाश होऊ नये म्हणून अख्खा संगणक स्वतःला थांबवून घेतो. चोर कोठेही लपला तरी दिसला पाहिजे, या कारणाने सुरक्षा प्रोग्रॅमला याच खोलीत जागा दिली होती. त्यातही तो इतरांच्या आधी जागा होणारा. फाल्कनला नव्या फाइलमधून २१ रकाने वाचायला सांगितले गेले आणि त्याच्या हाती होते २०. नसलेला एकविसावा रकाना वाचायला तो गेला आणि संगणक कोसळला. पुन्हा सुरू केला की पहिला पहारेकरीच उठणार, पुन्हा तोच रकाना शोधणार, पुन्हा निळा पडदा!

खरी परवड पुढेच होती. फाइल मागे घेतली तरी बंद पडलेल्या संगणकाला ते कळणार कसे? त्यामुळे असंख्य संगणकांपाशी तंत्रज्ञाला स्वतः जाऊन बसावे लागले. सेफ मोड किंवा दुरुस्तीचा काळा पडदा उघडायचा, माउस बाजूला ठेवून कळफलकावरून हुकूम टंकायचे, फाल्कनच्या फोल्डरमध्ये शिरून ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल पुसायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. काम पाच मिनिटांचे. पण अनेक ठिकाणी तो काळा पडदा यायच्या आधीच दुसरा पहारेकरी आडवा आला: बिटलॉकर.

लॅपटॉप चोरीला गेला तरी त्यातली माहिती कोणाला वाचता येऊ नये म्हणून विंडोजमधले बिटलॉकर डिस्क कुलूपबंद करते. नेहमीच्या वाटेने आलात तर ते गुपचूप दार उघडते. आडवाटेने, म्हणजे दुरुस्तीच्या दाराने आलात, की ४८ आकडी किल्ली मागते. येणारा चोर आहे की कंपनीने पगारावर ठेवलेला तंत्रज्ञ, हे त्याला ओळखता येत नाही. काही कंपन्यांनी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, ते सर्व्हरच निळा पडदा दाखवत बसले होते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच! ऑस्ट्रेलियातल्या ग्रँट थॉर्नटनच्या तंत्रज्ञांनी मात्र नामी युक्ती काढली. किल्ल्यांचे बारकोड बनवून ते दुकानात असतो तशा स्कॅनरने वाचवले. ४८ आकडे टंकताना होणाऱ्या चुका वाचल्या.

ज्याचा संगणक, त्यालाच मज्जाव, हा प्रकार त्या शुक्रवारपुरता नाही. बेल लॅब्जमध्ये १९६९ नंतर घडलेल्या युनिक्समध्ये प्रत्येक फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, कोणी चालवावी हे मालक, त्याचा गट आणि बाकीचे अशा तिघांसाठी वेगवेगळे ठरवता येई. आणि ‘रूट’ नावाच्या सर्वाधिकाऱ्याला जवळजवळ काहीच वर्ज्य नसे. ॲपलने २०१५ साली मॅकवर या रूटचेच हात बांधले. २०१९च्या ‘कॅटलिना’पासून तर नोएडा-गुरुग्रामच्या कचेरीत बसलेल्या प्रोग्रॅमरने आपल्याच डेस्कटॉपवरच्या फाइलींची यादी हुकूम टंकून मागितली, तरी आधी परवानगीची चौकट पुढे येते. नकार दिला की उत्तर: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. माणूस समोर असला तर ठीक. पण मध्यरात्री आपोआप चालून महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवणारा, खिडकी नसलेला प्रोग्रॅम असेल, तर त्याने परवानगी कोणाकडे मागावी? तो मुकाट्याने अपयशी होतो, आणि प्रत निघालीच नव्हती हे कळते ते मूळ फाइल हरवल्यावर.

मग वैतागलेली मंडळी हुकूम टंकायच्या त्या ‘टर्मिनल’लाच सगळ्या डिस्कची मुभा देऊन टाकतात. त्यातून चालवलेला प्रत्येक बरा-वाईट प्रोग्रॅम त्याच मुभेने आत जातो. विंडोज व्हिस्टाच्या वेळीही, २००७ साली, इतक्या चौकटी पुढे येत की लोक न वाचताच ‘होय’ म्हणू लागले होते. दोष लोकांचा कमीच. दिवसातून वीस वेळा ‘कोण आहे?’ विचारणाऱ्या गुरख्याला कोणीही तेच उत्तर देईल.

त्या दिवशी नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरचे, म्हणजे केंद्र सरकारचे जाळे सुरक्षित असल्याचे मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळांचे व्यवहार पूर्ववत होऊ लागले. सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना रेडमंडला बोलावले आणि पहारेकऱ्याला आतल्या खोलीतून बाहेर आणण्याचे काम हाती घेतले. बाहेर बसून त्याला चोर तितकेच चांगले दिसतील का, यावर या कंपन्यांचे एकमत नाही.

घरच्या संगणकाचा याच्याशी संबंध कसा, असे वाटेल. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे कधीतरी मदरबोर्ड बदलला जातो आणि पडदा ४८ आकडे मागतो. किल्ली नसेल तर लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, आयकराची कागदपत्रे सगळे आत अडकते. दुरुस्तीवाला काही करू शकत नाही. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का, ते पाहावे. असल्यास ज्या खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला, त्या खात्यात किल्ली सापडते. बहुतेक घरांत ते खाते मुलाने किंवा भाच्याने उघडून दिलेले असते. तेव्हा त्याचा पासवर्ड आधी त्याला विचारून घ्यावा, आणि आकडे कागदावर उतरवून तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवावा.