मेहरूणचे बोर आणि शासनाची नोंदवही

निसर्गरक्षण म्हणजे कुंपण आणि फलक, ही आपल्या शासनव्यवस्थेची जुनी समजूत आहे. जळगावच्या लांडोरखोरीचे सुमारे 48 हेक्टरांचे वन जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले, याचा आम्हांस आनंदच आहे. 2018 साली येथील विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव मिळाले. नामकरणाच्या बाबतीत शासन कधीच कृपण नसते. परंतु ज्यांना लोकांनी आधीच नाव दिलेले आहे, त्यांचे काय?

मेहरूणचे बोर घ्या. उमराण, कडाका यांच्या पंक्तीत फळशास्त्राची पुस्तके 'मेहरूण' हा वाण नोंदवतात. गावाचे नाव फळाला लागावे, हा पिढ्यांच्या निवडीचा आणि निगुतीचा दाखला होय. ते मेहरूण आज जळगाव शहराच्या पोटात आहे. शहरातल्या तलावाच्या वाट्याला निदान सुशोभीकरण येते. बांधावरच्या बोरीला ना कुंपण, ना फलक. ती वनात उभी नाही, एवढाच तिचा अपराध!

गंमत अशी, की कायदा तिला विसरलेला नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याचे कलम 41 प्रत्येक स्थानिक संस्थेस समिती नेमावयास सांगते, आणि तिच्या कामांत लोकांनी जोपासलेल्या वाणांचे जतन व त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंद ही दोन्ही स्पष्टपणे घालते. ग्रामपंचायतीप्रमाणेच महानगरपालिकेलाही हे बंधन आहे. माधव गाडगीळ यांनी पुरस्कारलेली लोक जैवविविधता नोंदवही ती हीच.

तिची गत काय झाली? 2016 साली देशभरात अशा समित्या दहा हजारांच्याही आत होत्या. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली व पुढे राज्यांवर दरमहा 10 लाख रुपयांचा भार लादला. मग थोड्याच वर्षांत समित्या अडीच लाखांपलीकडे गेल्या. लवादाचा हेतू चांगलाच होता. परंतु दंडाच्या धाकाने रकाने भरतात, ज्ञान भरत नाही. बोरीचे शास्त्रीय नाव रकान्यात बसते. तिची छाटणी केव्हा करावी, डोळा कोणत्या झाडाचा घ्यावा, हे मात्र ज्याच्या तोंडी असते त्याच्यापाशी बसून, त्याच्याच अहिराणीत वा लेवा गणबोलीत ऐकावे लागते. असे ऐकणे मुदतीत उरकत नाही.

कोणी म्हणेल, हा वनस्पतिशास्त्राचा प्रांत, साहित्याच्या मंडळींनी येथे नाक का खुपसावे? आमचा उलट सवाल आहे: बोलींचे कोश आणि लोकसाहित्याची संकलने यांवर प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विभागांहून या कामास अधिक लायक कोण? बहिणाबाईंच्या कवितेतील निसर्गावर निबंध लिहून घेणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एक सत्र तरी मेहरूणच्या बांधावर धाडावे.

आणि शासनाकडे आमची मागणी नेमकी आहे. नोंदवही दरवर्षी उघडावी, प्रभागात जाहीर वाचावी, चुकले-राहिले ते तेथेच दुरुस्त करावे. आणि शेतजमीन बिनशेती करण्याच्या प्रत्येक अर्जासोबत तिचे संबंधित पान जोडणे सक्तीचे करावे. बोर तोडायचेच असेल, तर तोडणाऱ्या कागदावर त्याचे नाव तरी असू द्या.