कडू आणि कडक

ठाण्यास खोपटांत, एस. टी. आगाराच्या आसपासच्या रस्त्यांवर, बिअरविषयीं कोणाशींही बोलणें काढावें. पहिला प्रश्न एकच येतो : ‘किती टक्के?’ चव कशी, वास कसा, धान्य कोणतें, हें कोणी विचारीत नाहीं. या प्रश्नाचें समर्थनही तयार असतें. आपल्या लोकांना कडू आवडत नाहीं, कडक आवडतें, असें विक्रेते सांगतात आणि पिणारे माना डोलावितात. हें मत आम्हांस सर्वस्वी खोटें वाटतें. आणि तें निरुपद्रवीही नाहीं.

प्रथम कडू आणि कडक यांची फारकत केली पाहिजे. बिअरचा कडवटपणा हॉप्स नांवाच्या वेलीच्या मादी फुलोऱ्यांतून येतो. ही वेल भांगेच्याच कुळांतली. परंतु बिअरला नशा देणारी ती नव्हे. फुलोऱ्यांतील पिवळी राळ उकळींत कडूपणा उतरविते आणि पेय लवकर नासूं देत नाहीं, इतकेंच तिचें काम. नशा येते ती धान्याच्या साखरेवर यीस्ट पोसलें म्हणजे. तेव्हां एकीचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. इंग्लंडांतील साधी ‘बिटर’ घ्या : मद्यार्क शेंकडा ४ हूनही कमी, आणि कडूपणाचा अंक २५ ते ३५. उलट आपल्याकडील ‘स्ट्राँग’ बाटलींत मद्यार्क शेंकडा ८ पर्यंत चढतो, आणि जिभेला पुष्कळदा लागतो तो गोडसरपणा. मर्दानी म्हणून जें मिरविलें जातें, तें चवीनें सरबताच्या शेजारचें आहे!

आणि म्हणे कडू सोसवत नाहीं! पाडव्याला कडुनिंबाचीं पानें चावून वर्षाचा आरंभ करणाऱ्या, मेथीची भाजी आवडीनें खाणाऱ्या समाजाविषयीं हें बोलावें काय? कारल्यांत आपण गूळ घालतों, असें कोणी म्हणेल. घालतों खरा, पण कडूपणाला जोड म्हणून. मुळींच कडू न लागणारें कारलें कोणी मागून घेत नाहीं.

आतां उपद्रवाकडे वळूं. ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्क्यांच्या बाटलींत ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगांत तो सुमारें २६ मिलिलिटर. म्हणजे ‘मी दारू पीत नाहीं, फक्त बिअर घेतों,’ असें घरीं सांगणारा गृहस्थ बाटलीगणिक दोन मोठे पेग रिचवीत असतो. हा हिशेब त्याच्या बायकोला ठाऊक नसतो. बहुधा त्यालाही नसतो.

पुण्यांत २००९ सालीं डूलालीची छोटी भट्टी निघाली, पुढें डोंबिवलीस गेटवे कंपनीनेंही असाच उद्योग मांडला, आणि निराळी चव आमच्या उंबरठ्यापर्यंत आली. परंतु तिच्या भक्तांनीं टक्क्यांच्या जागीं कडूपणाचा अंक बसविला. जितका अंक मोठा, तितका रसिक मोठा! पट्टी बदलली, रोग तोच. भाजींत मिरच्या किती, यावरून सुगरण ठरत नसते.

‘ही रसिकता श्रीमंतांची; कष्टकऱ्याला थोड्या पैशांत अधिक नशा हवी,’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे. महागडा पेला त्याच्या माथीं मारावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सौम्य बिअर स्वभावतः महाग नाहीं. तिला धान्यही कमी लागतें. सरकारनें कर बसवावा तो मद्यार्काच्या मिलिलिटरांवर, आणि बाटलीवर टक्क्यांशेजारीं एकूण मद्यार्क किती हें ठळक छापावयास लावावें. एवढें झालें म्हणजे गिऱ्हाईक चवीकडे वळेल अशी आम्हांस आशा आहे; आणि न वळलें, तरी आपण काय पितों हें त्याला निदान कळेल.